इराचा श्वास आणि दादांची माफी

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटी तपासते. जे मोजता येत नाही ते मानायचं नाही, हा माझा खाक्या. नजर, तळतळाट, शाप... सगळ्यावर आयुष्यभर हसत आले. तेव्हा हे वाचून तुम्ही हसलात तरी माझी हरकत नाही.

आमचं घर पंचवटीत. माझ्या सहा वर्षांच्या इराला मागच्या वर्षी मेंदूज्वर झाला. वाचली, पण झोपेत श्वास घ्यायचंच विसरायची. डॉक्टरांनी बोटाला लावायचं मशीन दिलं. ऑक्सिजन उतरला की ते केकाटायचं — मग धावत जाऊन तळपाय चोळायचे, की पोर पुन्हा श्वास घ्यायची.

माझे मोठे दीर, दादा, घरीच यात्रेकरूंचे विधी करतात. एकदा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली दादा यजमानांना संकल्प सांगत होते, तेवढ्यात आतून मशीन वाजायला लागलं. दादा उठले, मशीनचं बटण बंद केलं... आणि परत पाटावर येऊन बसले! वर मला काही ऐकू आलं नाही, हे यजमानांनी नंतर सांगितलं. मी खाली आले तेव्हा इराचे ओठ निळे पडले होते.

"सोवळ्यात होतो गं. तिला हात कसा लावणार?" म्हणाले.

इरा त्यातूनही वाचली. पण माझ्या अंगाची आग आग झाली होती. सगळ्यांदेखत मी म्हणाले, "दादा, तुमचाही श्वास असाच अडकू दे."

दुसऱ्या दिवशी संकल्प सांगताना दादांचा श्वास थांबला. मग रोजच. यजमानाच्या गोत्रापर्यंत आले की श्वास बंद, चेहरा काळानिळा. तपासण्या सगळ्या नॉर्मल. आणि इराचं मशीन? एकदाही वाजलं नाही. मला आनंद झाला — खोटं कशाला बोलू?

दोन महिन्यांनी दादांच्या बायकोने, माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, माझ्यापुढे पदर पसरला. "मनीषा, माफ केलं म्हण गं एकदा." नवराही मागे लागला. म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी अख्खा संकल्प न अडखळता सांगितला.

दुपारी इराचं मशीन केकाटलं.

तळपाय चोळून तिला परत आणलं, नवऱ्याला तिच्याजवळ बसवलं आणि तडक दादांसमोर जाऊन उभी राहिले. यजमान बघत होते, बघू देत. "माफी परत घेतली," मी म्हणाले. दादांचा मंत्र तिथेच तुटला.

इरा आता शाळेत जाते. तिचा मेंदू सावरला, होतं असं कधीकधी, असं डॉक्टर म्हणतात. दादांना काय झालंय ते डॉक्टरांना सांगता येत नाही. मलाही नाही.

दादांनी विधी सांगणं सोडलंय. रोज माझ्या दारात हात जोडून उभे राहतात. मी त्यांना बसायला देते, चहा देते. माफी देत नाही.