पालथा कागद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोच्या ऑपरेशनचे तीन लाख मी क्रेडिट कार्डावर भरले आणि तिला म्हटलं, विम्यातून मिळाले.

घरच्या प्रिंटरवर छापलं तर बायकोच्या हाती लागेल अशी भीती वाटायची, म्हणून कार्डाचं बिल बाळकुमच्या एका झेरॉक्सवाल्याकडे छापायचो. तो कागद नेहमी पालथा करून हातात द्यायचा. एकदा मात्र सुलटाच धरला, आकड्यावर अंगठा ठेवून.

"काका, दर वेळी मिनिममच भरताय? हे नुसतं व्याज जातंय! बँकेकडून हप्ते पाडून घ्या. आईच्या आजारपणात मीपण असाच फसलेलो."

मी हप्ते पाडून घेतले. आज बाकी पहिल्यांदा लाखाच्या खाली आली! धावतच दुकानात गेलो. त्याने टाळीसाठी हात पुढे केला.

"घरी लपवताय हे मी कधीच ओळखलं होतं, काका. आता काकूंना दाखवा की!"

शहाण्णव हजार द्यायचे आहेत. बायकोला खरं सांगायचंही राहिलंय.