अर्जदार क्रमांक दोन

पोर्तुगालमध्ये एकदाही पाऊल न टाकता तिथे इतकी वर्षं राहिलेला माणूस उभ्या आखातात दुसरा सापडणार नाही. उम्म अल हस्सममधल्या आमच्या इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारे हे काका एका कंपनीत अकाउंटंट होते. रिटायर झालं की काकूंना घेऊन पोर्तुगालला जायचं, हे त्यांनी इतकं पक्कं केलं होतं की बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना ते लिफ्टमध्ये तिथल्या फारो शहराचं तापमान सांगत, "आज फारोला चोवीस. हिला शाल लागेल." बाल्कनीत ऑलिव्हचं रोप होतं. धुळीचं वादळ आलं की ते त्याला सोफ्यावर बसवत आणि मला सतरंजीवर. कोल्ड स्टोअर म्हणजे इथलं किराणा दुकान; तिथल्या मल्याळी भाईला रोज सकाळी "बों दिया!" असं पोर्तुगीज सुप्रभात म्हणत. तो बिचारा दरवेळी सांगे, "दूध खलास, अंकल."

मी एकदा आगाऊपणे विचारलं, "काका, सरळ साताऱ्याला का नाही जात?"

"तिथे मला ओळखणारे सगळे गेले रे. अनोळखी लोकांतच राहायचं, तर हवा तरी बघून राहतो."

इथे राहायचा प्रश्नच नव्हता. नोकरी संपली की व्हिसा संपतो. मग तीस वर्षांचं घर असलं तरी उठावं लागतं.

म्हणून दर शुक्रवारी, पोहे झाले की, व्हिसाच्या इंटरव्ह्यूची तालीम. पोर्तुगालचा साहेब मी, त्यामुळे टाय सक्तीचा. माझ्याकडे टाय एकच, निळा, त्यावर रश्शाचा डाग. काका पाठ केलेलं पोर्तुगीज घडाघडा म्हणत. पदराला हात पुसत काकू शेजारी बसत: अर्जदार क्रमांक दोन.

"आपण कशासाठी येणार?" मी दरडावायचो.

"यांच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात ते मलाच ठाऊक. लिहा."

मला थट्टेचा भारी सोस. एका शुक्रवारी मी निकालच देऊन टाकला, "क्रमांक एक, मंजूर. क्रमांक दोन, नामंजूर. पोह्यांत मीठ कमी."

काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "जा हो तुम्ही एकटे! मी आपली इथेच बरी."

मंगळवारी दुपारी भाजी चिरता चिरता त्या गेल्या.

मी ऑफिसातून तसाच पळालो. हॉस्पिटलच्या बाकावर काका बसले होते, मांडीवर काकूंच्या चपला. त्यांची नजर माझ्या गळ्याशी येऊन थांबली. तोच टाय, तोच डाग.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "तो निकाल फिरवता येईल का?"

"मंजूर, काका."

"दोघांचा?"

"दोघांचा."

व्हिसा संपला तसे काका साताऱ्याला गेले. रोप माझ्याकडे आहे. वादळात सोफ्यावर तेच बसतं. अधूनमधून त्यांचा फोन येतो. "फारोला आज एकोणीस," म्हणतात, आणि थांबतात. शालीचं वाक्य आता मी पुरं करतो.