सालकिनचा बर्फाचा किल्ला

बिश्केकच्या शिवणकारखान्यात सालकिनने एकोणतीस वर्षं कापड बेतलं. मुलगा कामाला कोरियाला गेला तेव्हा त्याच्या पलंगाखाली बुटांच्या खोक्यात पत्ते सापडले: ड्रॅगन, चेटकिणी, पेटलेले घोडे. ते कुणाला हवेत का, हे विचारायला ती पत्त्यांच्या दुकानात गेली आणि तिथेच खेळायला बसली. आता सत्तावन्नाव्या वर्षी तिची शनिवारची दुपार तिथेच जाते, आणि रविवारी मुलाला फोनवर सगळी लढाई ऐकावी लागते.

खेळ चौघांचा. ज्याने त्याने आपली गड्डी घरून जुळवून आणायची, आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. सालकिनची गड्डी म्हणजे बर्फाचा किल्ला. पहिल्या आठ फेऱ्या ती नुसत्या भिंती बांधते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. बाकीचे एकमेकांची डोकी फोडून दमले की नवव्या फेरीला तिची हिमनदी सुटते आणि सगळ्यांना वाहून नेते. तीन महिन्यांत ती नऊ वेळा जिंकली होती. "कापड बेतणारीचं डोकं आहे, उगाच नाही," असं ती म्हणायची. खरं सांगायचं तर थोडी चढलीच होती.

त्या शनिवारी अल्माटीच्या स्पर्धेची एकच जागा होती, जिंकणाऱ्याला. मुलाला तिने आधीच सांगून टाकलं होतं, मी चालले म्हणून.

समोर नेहमीचे दोघं होते. इल्गिझच्या गड्डीत आगीचे घोडेस्वार, आले की धावून जाणारे. बेगिमाय मेलेले पत्ते उठवून पुन्हा लढवणारी. चौथे मात्र नवीन होते, चौऱ्याहत्तर वर्षांचे, पांढऱ्या दाढीचे दोरोनबेक. त्यांनी ड्रॅगनची अंडी मांडली. एक, दोन, पाच. अंडी उबायच्या आत फोडायची असतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

कोणी फोडेना. इल्गिझचे स्वार बेगिमायवरच धावत राहिले.

"अरे, तिकडे बघ की," बेगिमाय कुजबुजली.

"मी? एजे बसल्यात ना मोठ्या. त्यांनी सुरुवात केली तर करतो."

एजे म्हणजे ताई, म्हणजे सालकिन. तिच्या हातात गारपीट होती. एका पत्त्यात पाचही अंडी फुटली असती. तिने तो पत्ता दोनदा वर काढला. पण ताटातल्या मांसालाही अक्साकालांच्या, म्हणजे पांढऱ्या दाढीच्या वडीलधाऱ्यांच्या, आधी कधी हात न लावलेली बाई, तिने पत्ता परत खोचला आणि आणखी एक भिंत बांधली. आठव्या फेरीला ड्रॅगन बाहेर पडले. नववी आलीच नाही.

दोरोनबेकांनी हात पुढे करून तिचे पत्ते उलटे केले.

"गारपीट होती की गं तुझ्याकडे."

"होती."

"मग?"

"तुमच्यावर आधी हात कसा उचलू, अक्साकाल?"

म्हातारा चिडला. "घरी बुद्धिबळात सून हरते, नातू हरतो. मी वजीर फुकट घालवला तरी हरतात मेले. म्हटलं, इथे कोणी ओळखत नाही, धरून बडवतील. तर तूही तसलीच." त्यांनी टोपी घातली. "जातो अल्माटीला. तिथे तरी कोणी मारेल."

ते गेल्यावर सालकिन पत्ते गोळा करायला लागली. जागा गेल्याचं वाईट वाटत होतंच, पण आता डोक्यात दुसरंच काहीतरी घोळत होतं. तिच्या भिंतींवर आजवर कुणाचा घाव पडल्याचं तिला आठवेना.

"इल्गिझ, खरं सांग. मी जिंकले त्यातले किती डाव तू मला सोडलेस?"

इल्गिझ आपले घोडेस्वार गड्डीत लावत राहिला. शेवटी बेगिमायच बोलली, खाली बघत.

"नऊही, एजे. आम्ही दोघांनीही."