रंकाळ्याला नेतो म्हणून

माझ्या मुलीला ‘चल, फिरून येऊ’ म्हटलं की ती पलंगाखाली जाऊन बसायची. वर्षभर हे असंच चाललं होतं. इतरांची पोरं चपला घालायच्या आधीच रस्त्यावर असतात, आणि आमची पाच वर्षांची पोरगी रंकाळ्याचं नाव काढलं की पांढरी पडायची. चूक तिची नव्हती. घरातल्या मोठ्या माणसांची होती, आणि त्यातही माझी जास्त. मला आतून कळत होतं आणि मी गप्प बसले.

मी मूळची इकडची नाही. माहेर बुलढाण्याकडं. आठवीतून शाळा सुटली, ती सुटलीच. माझा भाऊ फौजेत, त्यानं त्याच्याच पलटणीतल्या दोस्ताशी माझं लग्न जमवलं आणि मी एवढ्या लांब येऊन पडले. पहिले काही दिवस मला वाटायचं, या गल्लीत सारखी भांडणं चाललीत. मग कळलं की हे एकमेकांना चहाला बोलावतायत. मी ‘मले’ म्हटलं की समोरच्या भाभी तोंडाला पदर लावून हसत घरात पळायच्या आणि परत येताना कालवणाची वाटी घेऊन यायच्या. त्यांचे मालक शिलाईकाम करतात, माझ्या लेकराचं पहिलं झबलं त्यांच्याच मशीनवरचं. भाभी आणि माझ्या सासूबाई, या दोघींच्या आधारावर मी इथं रुजले. नवरा वर्षातून एकदा येणारा. दोन्ही बाळंतपणांत तो नव्हता, या दोघी होत्या. त्यामुळं त्यांना ‘नाही’ म्हणायची वेळ आली की मी मान हलवून कामाला लागायचे.

माझे सासरेही फौजीच होते. रजा संपली की माणसानं घरातून कसं निघायचं, याची घरात त्यांच्या वेळेपासूनची रीत होती. पोरांच्या देखत निघायचं नाही. आदल्या दिवशी ट्रंक समोर भाभींच्या घरात जायची. निघायच्या दिवशी पोरांना कुठंतरी फिरायला न्यायचं, काहीतरी चांगलंचुंगलं खायला घालायचं आणि तेवढ्यात माणसानं भाभींकडं कपडे बदलून स्टेशन गाठायचं.

“रडून वाट अडवल्याली बरी न्हवं,” सासूबाई म्हणायच्या. “माझी तिघं अशीच वाढली की. काय झालं त्यास्नी?”

मुलगी विसरून जाण्याएवढी लहान होती तोवर या रीतीचं काही वाटलं नाही. पण गेल्या वर्षीच्या रजेत ती साडेचार वर्षांची होती. त्या रजेत आम्ही फार फिरलो. मोटरसायकलच्या टाकीवर धाकटा मुलगा, मध्ये मुलगी, मागं मी. जोतिबाला गेलो, पन्हाळ्याला गेलो. मिलिटरी कॅन्टीनला जायचं तरी मुलगी लग्नाला निघाल्यासारखी फ्रॉक घालायची, आणि तिथल्या रांगेत बापाशेजारी छाती काढून ‘सावधान’मध्ये उभी राहायची. रांगेतले म्हातारे पेन्शनर तिला सलाम ठोकायचे. “मेजरसाहेब, काय काय घेतला माल?” म्हणून विचारायचे. ती म्हणायची, “बिस्किटं. आनी पप्पास्नी साबन.” घरात रात्री सगळ्यांच्या चपला एका ओळीत लावायचं काम तिचं होतं. बाप ‘फॉलिन’ म्हणाला की चपलाही आणि पोरंही ओळीत.

रजेच्या शेवटच्या सकाळी सासूबाई म्हणाल्या, “चल गं बाई, रंकाळ्याला जाऊ. घोड्यावर बसायचं न्हवं तुला?”

मुलगी बापाकडं वळली. “पप्पा, तुम्ही?”

“तू हो पुढं. मी आलोच,” तो म्हणाला.

तो ‘आलोच’ मला अजून ऐकू येतो. मी तेव्हा भाकरीचं पीठ मळत होते. मान वर केली नाही.

दोन तासांनी आजी आणि पोरं परत आली. मुलीच्या हातात भाजलेलं कणीस होतं. अर्धं तिनं खाल्लेलं, अर्धं बापासाठी राखलेलं. तिनं खोल्या बघितल्या, मोरी बघितली, गच्चीवर जाऊन आली. आम्ही सांगितलं, पप्पा ड्युटीवर गेले. ती थोड्या वेळानं सरळ रस्ता ओलांडून भाभींच्या घरात गेली. तिथं मशीनच्या खुर्चीवर त्याचा सकाळचा निळा शर्ट होता. बदलताना तिथंच टाकलेला. ती शर्ट घेऊन परत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून तिनं भाभींशी बोलणं टाकलं. भाभी दारात येऊन म्हणायच्या, “काय गं राणी, माझ्यावर राग? मी काय केलं?” आणि मग स्वतःच डोळे पुसत जायच्या, कारण काय केलं ते त्यांनाही माहीत होतं. फिरायला जायचं बंद झालं. बिद्रीला चुलत नणंदेच्या घरी पूजा होती. एसटीत बसवली तर तिनं एवढा आकांत केला की कंडक्टरनं गाडी थांबवून आम्हाला उतरवलं. मी आंघोळीला गेले की ती बाहेरून दारावर हात ठेवून उभी. एकदा मी जवळ घेऊन विचारलं, “बाळा, कशाची भीती वाटते?” ती म्हणाली, “मी खेळायला गेली की घरातलं मानूस जातंय.”

मी त्या दिवशी ताटावरनं तशीच उठले.

या वर्षी तो रजेवर आला तेव्हा ट्रंक घरात ठेवताच ती ट्रंकेवर चढून बसली. जेवण ट्रंकेवर, अभ्यास ट्रंकेवर, दुपारची झोपही तिथंच. बाप म्हणायचा, “पन्हाळ्याला जाऊया?” ती म्हणायची, “न्हाय.” “आइस्क्रीम?” “हितं आणा.” सगळी रजा त्यानं घरात जमिनीवर बसून काढली. धाकट्याला घेऊन एक चक्कर मारून यायचा, आणि परत येऊन तिच्यासमोर बसायचा. दोघं पत्ते खेळायचे. ती हरली तरी ट्रंकेवरून उतरायची नाही.

एका दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तो पिळा झटकून देत होता. म्हणाला, “मलाबी आईनं असंच नेलतं. जत्रेला. पाळण्यात बसवलं. पाळणा वर गेला की मी आमची गल्ली दिसते का बघायचो.”

“मग आईंना कधी बोलला नाही तुम्ही?”

“काय बोलायचं? ती तरी काय करत होती? एकटीच होती की ती.” त्यानं धाकट्याची चड्डी दोरीवर टाकली, चिमटा लावला. “पाळण्यात मात्र परत कधी बसलो न्हाय.”

त्या संध्याकाळी मी सासूबाईंजवळ गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, “आत्या, या टायमाला पोरांना कुठं न्यायचं नाही. सगळ्यांनी स्टेशनला जायचं.”

सूप थांबलं. “तू शिकवणार व्हय मला आता? चाळीस वर्सं फौजीचं घर सांभाळलंय मी.”

“नाही आत्या. तुमच्यामुळंच तर...”

“पोरगी गाडीखाली जाईल रडून. मग बोल मला.” असं म्हणून त्या पुन्हा निवडायला लागल्या. त्यातले खडे त्यांना दिसत नव्हते. मी खाली बसले आणि निवडू लागले. खूप वेळानं त्या म्हणाल्या, “हे मला कधी धरून रडलं न्हाईत गं जाताना. पोरास्नी घिऊन मी भायेर असायची, म्हणून मीबी रडली न्हाय.” ‘हे’ म्हणजे माझे सासरे. पेन्शनीला आल्यावर तीनच वर्षं जगले.

बापानं मुलीला स्वतः सांगितलं. तीन दिवस आधी, ट्रंकेवर तिच्या शेजारी बसून. तीन बोटं दाखवली, दुसऱ्या दिवशी दोन, मग एक. ती रोज विचारायची, “नक्की की?” आणि तो म्हणायचा, “नक्की.” शेवटच्या सकाळी ती आपण होऊन ट्रंकेवरून उतरली. तिच्यासमोर ट्रंक भरली, तिनं साबण मोजून ठेवले.

स्टेशनवर सासूबाई ठेवणीतली साडी नेसून सगळ्यांच्या पुढं. भाभीही आल्या होत्या, जरा लांब उभ्या होत्या. गाडी हलायच्या आधी मुलगी रडली. वर्षभराचं सगळं रडली. बापाच्या गणवेशाचं बटण तिच्या मुठीतून सोडवायला मला जोर लावावा लागला. लोक बघत होते. धाकटा तिच्याकडं बघून रडायला लागला. नवरा डब्याच्या दारात तोंड फिरवून उभा राहिला, मग परत आमच्याकडं वळला, कारण तिला दिसत राहायचं त्यानं कबूल केलं होतं. सासूबाईंनी माझा हात एवढा घट्ट धरला होता की बांगडी रुतली. मला वाटलं, चुकलं माझं. हे असं बघण्यापेक्षा ती घोड्यावर बसलेली बरी होती.

गाडी दिसेनाशी झाली तेव्हा मुलगी हुंदके देत भाभींजवळ गेली आणि म्हणाली, “चला, घरी.” भाभींनी तिला उचललं. एवढी मोठी पोरगी, रिक्षापर्यंत खाली ठेवली नाही.

तीन आठवड्यांनी शाळेतून चिठ्ठी आली. सहल, पन्हाळा, पालकांची सही. मी चिठ्ठी चार वेळा वाचली आणि डब्याखाली दडपली. रात्री मुलीनंच काढून आणली. म्हणाली, “मी जाते. पर तू शाळेसमोरच्या कट्ट्यावर बसायचं. मी येस्तोवर उठायचं न्हाय.”

“दिवसभर?”

“व्हय.”

मी बसले. धाकट्याला सासूबाईंनी ठेवून घेतलं. शाळेचा शिपाई दोनदा म्हणाला, “ओ ताई, बस संध्याकाळी येणार. घरी जाऊन या की.” मी म्हटलं, “नाही, इथंच बसायचंय.” दुपारी भाभी डबा देऊन गेल्या. नवऱ्याचा फोन आला. आवाज तुटत होता. “कुठं आहेस?” म्हणाला.

“शाळेसमोर. पोरगी सहलीला गेलीय.”

“गेली?”

“गेली.”

मला वाटलं रेंज गेली. पण वारा ऐकू येत होता, तिकडचा. “मी असतो तर...” म्हणाला, आणि फोन खरंच कटला. पुन्हा लागला नाही.

बस आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पोरं किलबिलाट करत उतरली. ती पायरीवर थांबली, कट्ट्याकडं बघितलं. मी होते. मग मागं वळून मैत्रिणीला काहीतरी सांगत, दप्तराचा पट्टा सारखा करत, सावकाश चालत माझ्याकडं आली. पळत आली नाही.