पॅडलॉकचा दुसरा भाग

चंद्रहास कर्णिक रोज सकाळी आठला डबा घेऊन घरातून निघायचा आणि कामावर जायचा नाही. अकरा दिवस हे नाटक चाललं होतं. न्यूझीलंडमधल्या लोअर हटहून पोरिरुआच्या फार्मसीत जातो म्हणून गाडी काढायची, मध्येच जॉन्सनव्हिलला वळायचं आणि तिथल्या लायब्ररीत हीटरशेजारी पाचपर्यंत बसून राहायचं. बायको, अनुराधा, दाराशी म्हणायची, "भाजी सांडू नकोस रे बॅगेत." एवढंसं वाक्य, पण ते ऐकून हा तिच्याकडे न बघताच गाडीत बसायचा. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, चौदा वर्षं इथे फार्मसिस्ट, आणि शाळा बुडवल्यासारखा लपत होता!

घडलं होतं ते असं. शुक्रवारची दुपार, काउंटरवर ही रांग. एका आजीबाईंची सांधेदुखीची गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची. लेबलवर याच्या हातून 'रोज एक' गेलं. अशी चूक पकडायलाच तर नियम असतो: एकाने औषध काढायचं, दुसऱ्याने तपासायचं, दोघांनी सही करायची. दुसरी फार्मसिस्ट इशिता, नाशिकची सव्वीस वर्षांची मुलगी, त्या वेळी कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, दूध आणायला गेली होती. दहा मिनिटांचा प्रश्न. पण याला थांबवेना. याने स्वतःची सही केली आणि शेजारी तिचीही ठोकून दिली.

घरच्या माणसाची सही आपण केली तर काय बिघडलं, ही आपल्याकडची जुनी खोड. पुण्यात वडिलांच्या बँकेच्या स्लिपवर, बहिणीच्या प्रगतिपुस्तकावर यानेच तर सह्या केल्या होत्या. इशिता त्याला दादा म्हणायची, त्याच्या डब्यातली पोळी हक्काने खायची. तिची सही करताना मेल्याचा हातसुद्धा अडखळला नाही.

आजीबाई आठवडाभर रोज गोळी घेत राहिल्या आणि हॉस्पिटलात पोचल्या. अजून तिथेच होत्या. मालकाने चौकशीची तारीख ठरवून दोघांनाही घरी बसवलं. नुसती चूक असती तर चंद्रहास ताकीद खाऊन सुटला असता. खोटी सही कबूल केली की लायसन्स गेलंच. आणि नाही केली, तर इशिता गोत्यात येणार. तिचा व्हिसा त्या नोकरीवर होता. चौकशी उद्यावर आली होती.

त्या सकाळी लायब्ररीतली वर्तमानपत्रं पेन्शनरांनी आधीच पळवलेली. तोंड लपवायला काहीतरी हवं म्हणून त्याने कपाटातलं पहिलं जाडसर पुस्तक ओढलं. निघालं कॉमिक! काळंकुट्ट, वर मुखवट्यातला कोणी माणूस, नाव 'पॅडलॉक'. "आता हेच राहिलं होतं," असं पुटपुटत त्याने पान उलटलं.

आणि बाबा रे, मान वर करायला त्याला फुरसत मिळाली नाही. हा पॅडलॉक रात्री गुंडांना बडवत हिंडायचा. पण पुस्तक सुरू होतं तेव्हा त्याचा गुडघा गेलेला, मुखवटा स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये भिजत पडलेला. एका रात्री त्याने भलत्याच माणसाला मारून कायमचा लुळा केला होता, आणि त्या गुन्ह्यासाठी तिसराच कोणी तुरुंगात गेला होता. दर रविवारी पॅडलॉक बिस्किटांचा पुडा घेऊन त्या तिसऱ्याला भेटायला जातो. काचेपलीकडचा तो बिचारा म्हणतो, "तू एकटाच येतोस रे माझ्याकडे." पुढची चार पानं एक शब्द नाही. फक्त पॅडलॉकचा हात, पुड्याचा कागद चुरगळणारा. चंद्रहासने ती चार पानं पुन्हा उलटून पाहिली. चित्रं काढणाऱ्याला हे कळलं कुठून?

शेवटच्या पानावर पॅडलॉक पुन्हा भेटीच्या रांगेत उभा. आज तो सांगणार का? तिथेच पहिला भाग संपला.

तो धावतच काउंटरवर गेला. लायब्ररियन बाई गोड हसून म्हणाली, दुसरा भाग कोणीतरी नेलाय, वीस तारखेला येईल, तुमच्या नावाने राखून ठेवू? वीस तारीख! याला उद्या तोंड द्यायचं होतं. मुखवटेवाल्याने आधी बोलावं आणि मग आपण बोलू, असला हिशेब करत होता हा शहाणा. स्वतःचीच त्याला शिसारी आली.

तेवढ्यात फोनवर इशिताचा मेसेज आला. "दादा, मी चेक केल्याचं काही केल्या आठवत नाहीये. पण सही माझी आहे, म्हणजे केलंच असणार. उद्या मी तसं कबूल करते."

पार्किंगमध्ये येऊन, वाऱ्याकडे पाठ करून त्याने तिला फोन लावला.

"इशिता, ती सही तुझी नाही. मी केली."

"म्हणजे?"

"तू डेअरीत गेली होतीस. येताना माझ्यासाठी ते माशाच्या आकाराचं चॉकलेट आणलंस. तोवर मी औषध देऊन मोकळा झालो होतो. उद्या मीटिंगमध्ये हेच सांगणार आहे."

"अकरा दिवस, दादा?" ती म्हणाली. "मला वाटत होतं, माझं डोकं फिरलंय. काल आईला सांगितलं मी, की माझ्या हातून एक बाई मरायला टेकलीय. तिने देव पाण्यात घातलेत."

"मी तुझी माफी..."

"माझं राहू द्या. आईला फोन करा. मी सांगितलं तर तिला वाटेल, पोरगी आपली समजूत काढतेय." तिने नंबर पाठवला आणि फोन ठेवला.

दुपारचा एक वाजला होता. नाशकात सकाळचे साडेसहा. त्याला वाटलं, आत्ता नको, आधी अनुराधाला सांगू, संध्याकाळी करू. मग सिंकमधला तो मुखवटा आठवला आणि त्याने नंबर दाबला.

"हॅलो? मी चंद्रहास कर्णिक बोलतोय, न्यूझीलंडहून."

"अगं बाई, चंद्रहासदादा का?" पलीकडची बाई रडवेली झाली. "तुम्ही आहात तिथे म्हणून जिवाला धीर आहे हो. माझ्या पोरीला सांभाळा."