कानातलं मशीन

लखनौच्या विमानतळावर मी मालाच्या शेडमध्ये काम करतो. प्रवासी ज्या चकचकीत इमारतीतून जातात, तिच्याशी आमचा फारसा संबंध येत नाही. आमच्याकडे दशहरी आंब्याच्या पेट्या येतात, औषधं, चिकनकारीच्या कपड्यांचे गठ्ठे, आणि अधूनमधून माणूस. सगळ्यांचं वजन होतं, सगळे एक्स-रेतून जातात; आत बॅटरी दिसली, तर माल अडतो. ठरलेल्या वेळेआधी शिक्का बसला नाही, तर माल मागे राहतो. हे मी कितीतरी रडणाऱ्या कुटुंबांना शांतपणे समजावलं आहे.

बाबा वर्ध्याकडे हमाल होते. त्यांनी पोती वाहिली म्हणून मी पदवीधर झालो, घराण्यातला पहिला. या जानेवारीत ते इथे लखनौतच, आमच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या घरी वारले. त्यांना दुपारच्या विमानाने नागपूरला आणि तिथून गावी न्यायचं होतं. गावात बहीण आणि सगळी वस्ती थांबली होती. दुसऱ्या दिवशी धुकं पडलं तर विमान उडेल की नाही, सांगता येत नव्हतं.

मृत्यूचा दाखला, पोलिसांचं पत्र, शवपेटी बंद केल्याचं प्रमाणपत्र, सगळे कागद मीच लावले. एकही चूक नव्हती.

एक्स-रेवरचा सहकारी थांबला. "भाई साहब, सिर के पास कुछ है. बैटरी लग रही है."

मी बाहेर गाडीत बसलेल्या आईकडे धावलो.

"कानातलं मशीन मीच लावलं," ती म्हणाली. "उशाशी सेलची डबी ठेवली. गावात बुद्धवंदना होईल, त्यायले आयकू नको याले?"

आत आलो. सहकारी हळूच म्हणाला, "घर का मामला है. जाने दूँ?"

मागच्याच महिन्यात, पेटीत मोबाईल निघाला म्हणून, एका म्हाताऱ्याला मी मुलाच्या शवासकट परत पाठवलं होतं.

"खोलिए," मी म्हणालो.

मशीन मीच काढलं. कान थंडगार होता. "बाबा, नियम आहे," एवढंच बोललो. पेटी उघडल्यामुळे प्रमाणपत्र रद्द झालं. नवीन देणारा माणूस येईपर्यंत विमान शेडच्या पत्र्यावरून घरघरत निघून गेलं.

आईच्या हातात मशीन आणि डबी दिली. तिने विमानाचं विचारलंच नाही.

"त्यायले सांगतलं का, काऊन काढलं थे?"

"सांगितलं."

तिने मशीन पदराने पुसलं.

"काढायच्या आधी सांगतलं, का काढल्यावर?"