पाकिटाचा केक

घोडपदेवच्या चाळीत वैशालीच्या केकचं नाव होतं. नवरा गेल्यावर ती हिंदमाताला साडीच्या दुकानात लागली आणि सुट्टीच्या दिवशी केक करून विकू लागली. केकचं तयार मिक्स पाकिटातलंच. पण पाकीट पाणी घालायला सांगे तिथे ती नारळाचं दूध घालायची. चॉकलेटचं असलं तर कडक काळी कॉफी आणि चमचाभर दही. वर संत्र्याची साल किसून, नाहीतर चिक्की जाडसर कुटून. यातलं काही ती लपवायची नाही, पण कुणी विचारलंही नव्हतं.

खालच्या मजल्यावरचा हितेंद्र मारामारीच्या केसेसमुळे गल्लीचा भाई झाला होता. "वहिनी, वाढदिवसाला मोठा केक पाहिजे," तो म्हणाला. "तलवारीने कापायचाय."

संध्याकाळी चाळीच्या तोंडाशी टेबल मांडलं. पोरं प्यायलेली होती. वैशाली मेणबत्त्या खोचत होती, तेवढ्यात हितेंद्रचा जोडीदार अमित हसत म्हणाला, "भाई, पाकिटाचा आहे हा. हिच्या कचऱ्यात खोकी बघितली मी. चुना लावला तुला."

सगळे हसले. हितेंद्रने तिच्या कानाखाली वाजवली.

ती टेबल धरून उभी राहिली. "पाकिटाचाच आहे. मी कधी नाही म्हटलं? खाऊन बघ, मग बोल."

त्याने केस धरून तिचं तोंड केकमध्ये दाबलं. नाक फुटलं, क्रीम लाल झालं. सुटण्यासाठी तिने डावा हात टेबलावर टेकला आणि त्याने तलवार खाली आणली. दोन बोटं केकखालच्या पुठ्ठ्यावर पडली.

हितेंद्रची आई जाईबाई नळावर धुणं धूत होती. ती धोपटणं घेऊन धावत आली आणि तिने पोराच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तलवार पडली. मग चाळीतल्या बायका त्याच्यावर तुटून पडल्या. पोलीस आले तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

वैशाली दवाखान्यातून घरी आली, तशी जाईबाई तिच्याकडे आली. "मी त्याचा हात मोडला गं. झाली शिक्षा. आता केस मागे घे."

"मावशी, तुम्ही नसता तर मी मेले असते," वैशाली म्हणाली. "पण मागे नाही घेणार."

जाईबाईने हातातला चहाचा कप भिंतीवर फोडला. "माझं एकच पोर आहे," म्हणाली, आणि निघून गेली. वैशालीने एका हाताने काचा गोळा केल्या.

कोर्टात जाईबाई म्हणाली, मी काही पाहिलं नाही. बाकीच्या बायकांनी मात्र पाहिलं ते सांगितलं, आणि हितेंद्र आत गेला. जाईबाई आता वैशालीच्या दारावरून मान न वळवता जाते. वैशालीला तिचा राग येत नाही, वाईट वाटतं.

केक ती अजून करते. भांडं गुडघ्यांत घट्ट धरून उजव्या हाताने घोटते. ऑर्डरचा फोन आला की आधीच सांगते, "पाकिटाचा असतो हां. चालेल?"

बहुतेकांना चालतो.